पाळणा नेऊ नये

परदेशी राहायला निघालेल्या कुटुंबात सामानाची यादी करताना कपड्यांवरून वा भांड्यांवरून होत नाही एवढा खल बाळाच्या पाळण्यावरून होतो. मोठी माणसे नव्या घरात पहिले काही दिवस जमिनीवर अंथरूण टाकून, उशाला गुंडाळलेला स्वेटर घेऊन काढू शकतात आणि पुढे त्याचे किस्सेही सांगतात. बाळाची झोपण्याची जागा मात्र पहिल्या रात्रीपासून पक्की असावी लागते, आणि म्हणूनच घरचा पाळणा सोबत न्यावा असे सगळ्यांना मनापासून वाटते. माझे मत नेमके उलट आहे.

जहाजाने पाठवलेले सामान पोहोचायला कित्येक आठवडे लागतात, आणि बाळाच्या आयुष्यात कित्येक आठवडे म्हणजे एक अख्खे पर्व असते. निघताना पाठीवर निजून हातपाय हलवणारे मूल पाळणा हाती येईपर्यंत कुशीवर वळू लागलेले असते, आणि बाळ वळू लागले की लहान, उथळ पाळण्याचे दिवस संपतात. मोठी कॉट न्यावी म्हटले तर ती सुटी करावी लागते, आणि सुट्या केलेल्या फर्निचरचा एखादा तरी स्क्रू वाटेत कायमचा उतरून जातो. त्यातून मापांचा घोळ आहेच. युरोपात बाळाच्या गाद्या साधारण ६० बाय १२० किंवा ७० बाय १४० सेंटिमीटरच्या असतात, तर अमेरिकेत सुमारे २८ बाय ५२ इंचांच्या. त्यामुळे एकीकडची चादर दुसरीकडे एक तर ताणून बसत नाही किंवा सैल राहते. सैल चादर मोठ्यांच्या पलंगावर नुसती गबाळी दिसते, बाळाच्या तोंडावर आली तर मात्र धोक्याची ठरते. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांहून अधिक फट राहू नये, हेही त्याच कारणासाठी.

नियमही देशागणिक बदलतात. एक बाजू खाली सरकणाऱ्या कॉट पूर्वी घरोघरी असत, पण अमेरिकेत २०११ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. तिथे कठड्याच्या दोन पट्ट्यांमधले अंतर सहा सेंटिमीटरच्या आसपास, त्याहून जास्त नाही, असे असावे लागते. आणि कठड्याला आतून बांधायच्या गुबगुबीत गाद्या व दहा अंशांहून अधिक उतार असलेली झोपायची साधने २०२२ च्या कायद्याने बाद केली. मायेने जपलेली जुनी कॉट या कसोट्यांना उतरेलच असे नाही. कॉट आपण पोहोचल्यावर तिथेच विकत घ्यावी.

विमानातली सोय हा एक वेगळाच प्रकार आहे. पुढच्या भिंतीला अडकवायचा छोटा पाळणा विमान कंपन्या देतात, पण ते मोजकेच असतात, वजनाची मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आणि पट्टा बांधण्याची सूचना उजळली की बाळाला त्यातून उचलून घ्यावे लागते. बाळाला नुकतीच गाढ झोप लागली की आकाशाला नेमके हेलकावे सुचतात.

उतरल्यावरच्या पहिल्या रात्रींना घडीची प्रवासी कॉट पुरते. तिची गादी इतकी पातळ आणि कडक असते की हात लावणाऱ्याला बाळाची दया येते आणि तो खाली एखादी रजई घालायला धावतो. पण ती गादी तशी मुद्दामच केलेली असते आणि वर दुसरे काही घालायचे नसते. फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार मातांना बाळाच्या कपड्यांनी भरलेले पुठ्ठ्याचे खोके देत आले आहे; त्याच्या तळाशी गादी असते आणि पुष्कळ बाळांचे पहिले अंथरूण तेच खोके ठरले. सपाट, घट्ट आणि मोकळी जागा एवढीच बाळाची गरज असते. उशा, खेळणी आणि झालरी ही हौस आपली.

मग सोबत न्यावे काय? माझ्या मते बाळाची अंगात घालायची झोपपिशवी, म्हणजे स्लीपिंग बॅग. तिला गादीच्या मापाशी देणेघेणे नसते, पांघरुणासारखी ती तोंडावर सरकत नाही, आणि निघण्यापूर्वी धुतली नाही तर तिला घरचा वास असतो. जन्मल्यापासून थोड्याच दिवसांत बाळ आईचा वास ओळखू लागते, तेव्हा अनोळखी खोलीत हा वास कामी यावा. तिची ऊब मात्र तिथल्या हवेप्रमाणे निवडावी: टॉग हे कापडाच्या उबेचे माप; २.५ टॉगची पिशवी १६ ते २० अंशांच्या खोलीसाठी, तर त्याहून उबदार खोलीत १ टॉगची पुरते. कॉट निदान पहिले सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत असावी, हीटरपासून आणि खिडकीच्या पडद्यांच्या दोऱ्यांपासून दूर.

राहता राहिले घड्याळ. अगदी तान्ह्या बाळाला दिवसरात्रीचा फरकच कळत नसल्याने वेळेचा बदल त्याच्या गावीही नसतो; तीनचार महिन्यांपुढच्या बाळाला तो चांगलाच जाणवतो, आणि दिवसा भरपूर उजेड व रात्री अंधार दिला तरी रुळायला काही दिवस जातात. तोवर पहाटे तीनला ते कॉटमध्ये टक्क जागे असते आणि आईवडीलही जागेच असतात. नव्या घरातले पुष्कळसे सामान बहुधा याच वेळी लागत असावे.