कळकेल

आमच्या आईचं म्हणणं असं, की जुन्या वस्तूंसाठी हळहळायला माणूस त्या काळी एकतर लहान असावा लागतो, नाहीतर पुरुष. मी दोन्ही होतो.

गड्ड्याच्या यात्रेला म्हणून जानेवारीत सोलापूरला गेलो होतो. नंदीध्वजांची मिरवणूक बघून झाली, शेंगाची चटणी बांधून झाली, आणि परतायला दोन दिवस राहिले तेव्हा आईनं माळा आवरायला काढला. काढला म्हणजे ती खाली उभी राहून बोटानं दाखवणार आणि मी स्टुलावर चढून धूळ खाणार. स्टोव्हच्या पिनांची पुडी निघाली. रॉकेलचं नरसाळं निघालं. कंदिलाची एक काच निघाली, अखंड, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कंदील कधीच गेला होता. आणि सगळ्यात मागे, गोणपाटाखाली, पातेलं.

पितळी. आठ-दहा माणसांची आमटी सहज मावेल एवढं. तळाला काळं, पोटाला डाग, उचलताना मनगट वाकेल असं वजन. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं मामाचं नाव, पुढं ‘अक्कलकोट’ आणि १९६९. लग्नातला आहेर. ही नावं घालणारा माणूस भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसलेला असायचा, मांडीत भांडं आणि हातात बारीक छिन्नी-हातोडी. टक टक टक टक, न बघितल्यासारखं. ऱ्हस्व-दीर्घाचा त्याला धाक नव्हता, आणि नावातलं एखादं अक्षर जागा संपली म्हणून वरच्या ओळीत जायचं.

‘हे मी पुण्याला नेतो,’ मी म्हणालो.

पुण्यात हल्ली पितळी पातेल्यात मनीप्लांट लावतात. ते आईला सांगायची सोय नव्हती. म्हणून वर जोडलं, ‘यात आमटी करीन.’

‘कल्हई नाही त्याला. कळकेल.’

कळकेल! हा शब्द मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं, चिंचेची आमटी राहिली, की ती हिरवट व्हायची, जिभेला एक विचित्र तुरट चव लागायची आणि पोटात ढवळायचं. त्याला कळकणं म्हणायचे. घराघरांत भांडी स्टीलची झाली आणि एक चांगलं धडधाकट क्रियापद बिनकामाचं झालं. माझ्या मुलीला मी फोनवर विचारलं, तर तिला वाटलं ‘कळेल’ म्हणतोय.

तर कल्हई. मुरारजी पेठेत आमच्या चाळीसमोर लिंबाचं झाड होतं, त्याच्याखाली वर्षातून दोन-तीनदा कल्हईवाला येऊन बसायचा. आधी लांबून हाळी यायची, ‘कल्हईऽऽऽ भांड्याला कल्हईऽऽऽ’, आणि पोरं त्याच्याआधी झाडाखाली हजर. तो जमिनीत हातभर खड्डा करायचा, त्यात भात्याचं तोंड पुरायचं, वर कोळसे रचायचे. बरोबर एक पोरगा असायचा, आमच्याच वयाचा. त्याचं काम असं, की मोठ्या भांड्यात वाळू टाकायची, गोणपाटाचा तुकडा टाकायचा, आत दोन्ही पायांनी उभं राहायचं आणि झाडाला धरून कंबर डावी-उजवी फिरवायची. घर्रक् घर्रक् भांडं आतून घासलं जायचं. आम्हाला तो नाच वाटायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो आणि तो चिडायचा.

मग खरा प्रकार. चिमट्यात धरलेलं भांडं निखाऱ्यावर तापत फिरायचं. पुरेसं तापलं की कल्हईवाला चिमूटभर नवसागर टाकायचा, आणि पांढराशुभ्र धूर भसकन वर यायचा. त्याचा एक खमंग-घाणेरडा वास होता, घशात बसणारा, आणि तो नाकात घ्यायला आम्ही पुढं सरकायचो. नवसागरानं पितळेवरची मळी सुटते, हे नंतर शाळेत कळलं. त्या धुरातच तो कथलाची कांडी तापल्या पोटाला टेकवायचा, तिचा थेंब घरंगळायचा, आणि कापसाच्या बोळ्यानं तो थेंब गोल गोल पसरवत न्यायचा. पिवळं, डागाळलेलं भांडं बोळ्याच्या मागोमाग चांदीचं होत जायचं. लगेच पालथं करून पाण्याच्या पाटीत. चर्रर्र.

इतकं मी माळ्याखाली उभं राहून आईला रंगवून सांगितलं. ती स्टुलाचा पाय धरून ऐकत होती.

‘झालं?’ ती म्हणाली. ‘आता माझं ऐक. हाळी आली की घरातली भरलेली भांडी रिकामी कोण करायचं? हंडा, कळशी, पातेली, त्यातलं पाणी कशात ओतायचं? त्या दिवशी स्वयंपाक कशात करायचा? वीस नग नेऊन द्यायचे, वीस मोजून आणायचे, शेजारणीच्यात गेलेलं ओगराळं भांडून परत आणायचं. बाहेरून चिंच लावून घासायचं ते वेगळं. तू धूर बघत होतास.’

यावर बोलण्यासारखं नव्हतं. पण मी हार न मानता भोंग्याचा विषय काढला. सोलापुरात आमच्या वयाचा माणूस भोंग्यावर बोलायला लागला की थांबत नाही. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल आमच्या जन्माआधीच थंड झाली होती, तिचं नाव पत्त्यात तेवढं उरलं होतं. पण बाकीच्या मिला चालू होत्या, आणि प्रत्येकीचा भोंगा वेगळा. एक घोगरा, एक लांबलचक, एक शेवटी सूर सोडणारा. कुठल्या मिलचा झाला ते अंथरुणात पडल्यापडल्या सांगता यायचं. वडील विणकाम खात्यात होते. घरात चावीचं घड्याळ होतं खरं, पण ते भोंग्यावर लावलं जायचं; भोंगा घड्याळावर होतो ही शंकाही कुणाला आली नसेल. चाळीत माणसं जन्मायची ती वेळसुद्धा ‘दुसरा भोंगा झाला होता आणि’ अशी सांगितली जायची. त्यावरून पत्रिका कशा मांडल्या असतील कोण जाणे. माझी तरी काही जुळत नाही.

मिल नव्वदीत बंद पडली. वडिलांचा हिशेब पुष्कळ वर्षं अडकला, तो सगळा त्यांच्या हयातीत मिळाला नाही. भोंगा आठवला की मला पहाट आठवते आणि आईला डबा. ‘भोंग्याच्या आत भाकरी झाली पाहिजे,’ ती म्हणाली, ‘चार वाजता उठत होते मी. त्या भोंग्याला मी काय काय शिव्या दिल्यात, तुला सांगितल्या तर जेवण जायचं नाही.’

टांगा, तासावर मिळणारी भाड्याची सायकल, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं येणारा आपला फोन, हे सगळं तिनं असंच एकेका वाक्यात निकालात काढलं. टांग्यात घोड्याचा वास यायचा. सायकल मीच पाडायचो. फोन आला की निम्म्या पेठेला कळायचं कोण आजारी आहे. आणि ज्या गोष्टी खरोखर जायला हव्या होत्या त्यांचं काय, असं तिनं उलट विचारलं. उजनी धरण झालं, तिथून नळ आले, तरी पाणी अजून चार-पाच दिवसांआड, आणि ते भरून ठेवायला पिंपं. पिंपं तेवढी प्लास्टिकची झाली.

मात्र दुपारी चहा पिऊन झाल्यावर तिनंच चपला घातल्या. ‘चल. ते पातेलं घे. कुणीतरी असेल अजून.’

मधल्या मारुतीजवळ भांड्यांच्या दोन-तीन दुकानांत विचारलं. एकानं स्टीलचा हंडा दाखवला. दुसरा म्हणाला, विजापूर वेशीकडं एक चाचा करतात, असले तर. होते. छोटी खोली, दारात ऐसपैस पसारा. भात्याच्या जागी विजेचा ब्लोअर होता आणि कंबर हलवणाऱ्या पोराच्या जागी तारेची घासणी. चाचांनी पातेलं उलटंपालटं केलं, बोटानं वाजवलं आणि चारशे रुपये सांगितले.

आईनं पदर खोचला. ‘पहिले आठ आने में करते थे तुम लोग.’

‘पहिले तुम बीस-पच्चीस बर्तन निकालते थे अम्मा,’ चाचा शांतपणे म्हणाले. ‘अब साल में एक लाके भाव करते. कथील का भाव मालूम नै क्या?’

कथील आता किलोला हजारोंच्या घरात आहे, तेव्हा त्यांचं बरोबरच होतं. साडेतीनशेवर तुटलं. ब्लोअर घरघरला, निखारा लाल झाला, नवसागराची चिमूट पडली आणि तो धूर आला. मी पन्नाशीचा माणूस, पुढं सरकलो. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. आई लांब सरकून नाकाला पदर लावून उभी होती आणि चाचांना सांगत होती, ‘काठ के पास नीट लगाव, उधर छूटता है.’

घरी आल्यावर आमटी मीच करणार असं जाहीर केलं. आई जपमाळ घेऊन बाहेरच्या खोलीत बसली. पातेलं मोठ्या शेगडीवर ठेवलं, तेल टाकण्याआधी जरा तापू दे म्हटलं, आणि पुण्याहून ऑफिसचा फोन आला. बोललो असेन चार मिनिटं. वळून बघितलं तर पातेल्याच्या तळाशी चांदी हलत होती. पाऱ्यासारखे थेंब, एकमेकांना धरून तळाच्या खोलगट भागात जमलेले, आणि आजूबाजूला पुन्हा पिवळं पितळ. कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून तर ते झाडाखालच्या चार कोळशांवर पसरवता यायचं. मोठ्या शेगडीवर रिकामं पातेलं तेवढं तापायला कितीसा वेळ?

‘काय करलालास रे?’ आई दारात. ह्या ‘करलालास’ला पुण्यात माझे सहकारी हसतात, त्या क्षणी मला तो फार आपला वाटला नाही.

तिनं पातेल्यात डोकावून बघितलं. गॅस बंद केला. ‘रिकामं भांडं विस्तवावर ठेवतात होय? आधी तेल, मग जाळ.’ एवढंच. मग तिनं कुकर लावला आणि वीस मिनिटांत स्टीलच्या पातेल्यात आमटी झाली. छान झाली. कळकायचा प्रश्नच नव्हता.

जेवताना मी म्हटलं, पुढच्या खेपेला येईन तेव्हा परत कल्हई करून घेऊ.

‘तुझ्या पैशानं,’ ती म्हणाली.

थेंब गार होऊन तळाला घट्ट बसले होते, रुपयाएवढा एक आणि बाजूला बारीक बारीक. पातेलं ओट्याखाली ठेवून दिलं. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं निघायचं होतं, म्हणून बॅग भरून लवकर आडवा झालो. थंडी चांगली होती. आईनं घरातली जुनी, जाड सोलापुरी चादर दिली, धुऊन धुऊन मऊ झालेली, अंगावर घेतली की वजन कळणारी. झोप केव्हा लागली कळलं नाही.

अंधारात कुणीतरी पाय हलवत होतं.

‘ऊठ. भोंगा झाला.’

मी उठून बसलो. आई पाठ करून स्वयंपाकघराकडं निघालीही होती. आपण काय म्हणालो ते तिच्या ध्यानात आलेलं दिसलं नाही. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मोबाइल बघितला, तर चार वाजून चाळीस मिनिटं. गाडी साडेसहाची, आणि स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर.