आमची वाटचाल : ओटल्यावरून बस स्टँडपर्यंत

इंदूरला रामबागेतल्या घराच्या ओटल्यावर मी आणि मावसभाऊ, दोघांनी आग विझवायचे सिलिंडर भरून द्यायचं काम सुरू केलं. पुढे फायर एनओसीचे, म्हणजे अग्निशमन खात्याच्या ना-हरकत दाखल्यासाठी लागणारे नकाशे काढू लागलो. त्या काळाचं फार सांगण्यासारखं नाही, निम्मा दिवस उधारी वसूल करण्यात जायचा.

मग एका बस स्टँडचं नूतनीकरण मिळालं. सीएनजी हवेपेक्षा हलका. गळला की वर चढतो आणि वाट नसली तर छताखाली साचतो. आमच्याकडे हे विसरून चालत नाही. रोज ५५० टन ओला कचरा घेणारा देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लँट फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, तो गॅस सिटी बसेसनाही जातो. म्हणून छपराच्या माथ्यावर आम्ही सलग झरोका ठेवला. धूरही तिथूनच निघेल. सोलरवाल्यांनी नेमके त्याच माथ्यावर पॅनल आखले. दोन्ही नकाशे मंजूर, आणि दोन्हींवर माझी सही. दुसरा मी उघडूनही पाहिला नव्हता.

चूक समजावायला तोंड कुठलं! शेवटी अॅक्रिलिकचं मॉडेल केलं आणि आईचं धुपाटणं आत ठेवलं. झरोका उघडा होता तोवर धूर सरळ वर गेला. वर पुठ्ठा ठेवला, तसा तो छताला पसरला, भिंतीवरून खाली वळला आणि काडेपेटीच्या बाकांवर उतरला. मीटिंगमध्ये कोणी बोलेना. पॅनल झरोक्याच्या दोन्ही बाजूंना सरकले, मधून चालायला वाट राहिली. वीज तोडायचा स्विचही पॅनलजवळ वरच घेतला, कारण ऊन असेतो पॅनल वीज बनवतच राहतात. आई मात्र अजून विचारते, धुपाटणं कुठाय?

तेव्हापासून 'ग्रीन'वाल्यांच्या, म्हणजे सोलर, गारवा असलं बघणाऱ्यांच्या मीटिंगला बोलावणं नसलं तरी जाऊन बसतो. गारव्यासाठी छताखाली थर्माकोल सुचवला की रॉकवूलचा, म्हणजे न पेटणाऱ्या दगडी लोकरीचा हट्ट धरतो, महाग पडलं तरी. लाकडाची हौस निघाली की लंडनचं किंग्ज क्रॉस स्टेशन सांगतो : १८ नोव्हेंबर १९८७, लाकडी सरकता जिना, खाली साचलेलं ग्रीस, जळती काडी, ३१ बळी.

आता इलेक्ट्रिक बस आल्या. बॅटरी पेटली तर पाणी पुष्कळ लागतं, आणि विझल्यावर काही तासांनीही ती पुन्हा भडकू शकते. सध्याच्या कामात चार्जिंगची जागा प्रवाशांच्या छपराखालून बाहेर काढायला लावली, तर दोन बसेसची जागा गेली. बिल अजून अडकलंय.