बारा टनांचा बँड

विमानतळावर रॅम्पची, म्हणजे विमानं उभी राहतात, भरली-उतरवली जातात त्या जागेची, नोकरी करणाऱ्याला विमानातून कोण उतरलं यात फार रस उरत नाही. मंत्री, नट, क्रिकेटची टीम, आमच्यासाठी सगळे 'पॅक्स', म्हणजे प्रवासी. त्यांचं सामान किती किलो आणि कुठल्या होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात, एवढंच आम्ही विचारतो. त्यामुळे फेब्रुवारी २००८ च्या तोंडावर शिफ्टच्या ब्रीफिंगमध्ये इन्चार्जनी "आयर्न मेडन नावाच्या बँडचं चार्टर आहे" असं सांगितलं, तेव्हा मी नावाकडे लक्ष न देता पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. पुढचं वाक्य होतं: बोइंग ७५७, केबिनच्या मागच्या भागातल्या सीट काढलेल्या आहेत आणि तिथे सामान भरतात.

हे ऐकून मात्र मी वही उघडली. ७५७ हे लांबुडकं, एकाच आइलचं विमान. पोटात दोन होल्ड, पुढचा आणि मागचा, पण त्यात कंटेनर जात नाहीत. लोडर आत गुडघ्यावर बसून एकेक नग हाताने रचतात. त्यात केबिनच्या मागच्या भागातही माल, म्हणजे सगळा भार शेपटीकडे. असं विमान भरणं म्हणजे डोक्याला काम.

आमच्यात एक ट्रेनी पोरगा होता, डोंबिवलीचा. ब्रीफिंग संपायच्या आत त्याचा चेहरा बदलला होता. आदल्या वर्षी मार्चमध्ये हाच बँड बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेला, तेव्हा हा जनरलच्या डब्यात उभा राहून तिकडे गेला होता म्हणे. त्याने मला चहाच्या टपरीवर सगळं ऐकवलं. १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये स्टीव्ह हॅरिस नावाच्या बास वाजवणाऱ्याने बँड काढला. गाणारा ब्रूस डिकिन्सन हा अॅस्ट्रेअस नावाच्या ब्रिटिश विमान कंपनीत कॅप्टन आहे, पगारी, खराखुरा. आणि येणारं ७५७ त्याच कंपनीचं.

"म्हणजे गाणारा माणूस विमान चालवत येणार?" मी विचारलं.

"हो सर."

"आणि वय?"

"एकोणपन्नास. बाकीचे सगळे पन्नाशीचे नाहीतर पन्नाशी ओलांडलेले."

त्या काळात मुंबईत अशा बुजुर्ग बँडची रांगच लागली होती. २००३ च्या एप्रिलमध्ये ब्रेबॉर्नवर रोलिंग स्टोन्स वाजवून गेले, २००७ मध्ये बीकेसीत पिंक फ्लॉइडवाला रॉजर वॉटर्स. आमच्या ऑफिसातला एकजण म्हणायचा, तिकडे पेन्शनीत निघाले की इकडे येतात. मीही हसायचो. कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीवर हसणं सोपं असतं.

१ फेब्रुवारीला बीकेसीच्या मैदानावर शो झाला. त्यांच्या जगभराच्या दौऱ्याचा तो पहिलाच शो, आणि पुढचा ४ तारखेला पर्थला. माझी गाठ पडली ती शो संपल्यानंतरच्या रात्री. बीकेसी ते सहार विमानतळ म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण मैदानावर सगळं उतरवून, पेट्यांत भरून, ट्रकवर चढवून आमच्यापर्यंत यायला रात्र बरीच उलटली होती. विमान टर्मिनलपासून लांबच्या बेवर (उभं राहण्याच्या जागेवर) उभं. शेपटीवर एडी, म्हणजे त्यांचा तो कवटीसारख्या तोंडाचा भूतनाथ, फ्लडलाइटमध्ये दात विचकून बघतोय. आमच्यातल्या एका जुन्या लोडरने त्याला लांबूनच नमस्कार केला. सगळे त्यांना मामा म्हणत. "साहेब, असलं चित्र शेपटीवर काढलंय, वजन नीट भरा," मामा म्हणाले. ते चेष्टा करत होते की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आधी कस्टम्स. असं सामान परत घेऊन जाण्याच्या हमीवर देशात येतं, तेव्हा जाताना यादीतली प्रत्येक पेटी, तिचा नंबर, आत काय आहे, हे जुळावंच लागतं. एक गिटार कमी निघाली तर ती इथे विकली असाच अर्थ होतो. अधिकारी शांतपणे टॉर्च मारत यादीवर टिक करत होते. आमच्या डेंजरस गुड्सवाल्याने स्प्रे, बॅटऱ्या, धुराच्या यंत्राचं द्रव, सगळं विचारून घेतलं. यात वेळ गेला, पण तो जाणारच होता.

पेट्या मात्र बघण्यासारख्या. काळ्या, कडांना अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, कोपऱ्यांवर गोल लोखंडी टोप्या, खाली चाकं. प्रत्येक पेटीवर नंबर, रंगीत पट्टी आणि वजन. वजन! एअरलाइनच्या कार्गोत घोषित वजन आणि खरं वजन यांचं नातं सासू-सुनेचं असतं. इथे आम्ही सहज म्हणून दोन-चार पेट्या काट्यावर चढवल्या, आकडे जुळले. सगळं मिळून बारा टनांच्या आसपास. मोठा साउंड, लाइट, स्टेजचा सांगाडा हे ज्या त्या गावी भाड्याने घ्यायचं; सोबत फक्त वाद्यं, अॅम्प, त्यांचे स्वतःचे मिक्सर, पडदे, एडीचा अवाढव्य पुतळा आणि त्याचे कपडे. ड्रमच्याच पेट्या इतक्या होत्या की मामांनी विचारलं, "एकच माणूस वाजवतो का हे सगळं?" ट्रेनी म्हणाला, एकच, निको मॅकब्रेन, पंचावन्न वर्षांचा. मामा तेव्हा जवळपास त्याच वयाचे होते. काही बोलले नाहीत, पेटीला हात घातला.

त्यांच्या बाजूने मालाची जबाबदारी असलेला एक इंग्रज होता, हाफ पँट घातलेला, रात्रभर न झोपलेला. त्याच्याकडे कुठली पेटी कुठे याचा नकाशा होता. नकाशा चोख होता, गोंधळ ट्रकमध्ये होता. मैदानावर जे आधी आवरलं ते आधी चढलं, त्यामुळे आमच्यासमोर उघडलेल्या पहिल्या ट्रकमध्ये नेमकं केबिनच्या मागच्या भागात जाणारं सामान. पुढच्या होल्डचा माल दुसऱ्या ट्रकमध्ये, आणि तो अजून गेटवर पासच्या तपासणीत अडकलेला. इंग्रजाला घाई होती. हायलिफ्ट, म्हणजे सामान वर उचलून दारापर्यंत नेणारी गाडी, मागच्या दाराला लागलेली, माणसं तयार, मग थांबायचं कशाला? भरायला सुरुवात झाली.

दहा-बारा पेट्या वर गेल्या असतील. मामा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, चांदी बघा."

मी पुढच्या चाकाशी गेलो. नोज गिअरच्या दांड्यात एक नळी दुसऱ्या नळीत सरकते, मधे तेल आणि दाबाखालचा वायू. पुढे वजन असलं की आतली नळी दबलेली राहते, तिचा चकचकीत भाग थोडाच दिसतो. तोच चकचकीत भाग मामांची 'चांदी'. मागे वजन वाढत गेलं की नाक हलकं होतं, नळी वर सरकते आणि चांदी जास्त दिसायला लागते. आम्ही सुरू केलं तेव्हा चार बोटं असेल, आता चांगली वीतभर झाली होती. प्रवासी चढलेले नाहीत, पुढचा होल्ड रिकामा, आणि शेपटीत अॅम्पच्या पेट्या. आणखी थोडं भरलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. पण 'कदाचित'वर विमान उभं ठेवायचं नसतं. शेपूट जमिनीला टेकलेली विमानं मी फोटोंत पाहिली आहेत, आणि त्या फोटोंखाली कुणाच्या तरी नोकरीची गोष्ट असते.

मी हात वर करून लोडिंग थांबवलं. इंग्रज तरातरा आला. माझं इंग्रजी त्या वेळी, त्या घाईत, फारसं चालणारं नव्हतं. मी त्याला दंडाला धरून नोज गिअरपाशी नेलं आणि टॉर्च मारला. त्याने बघितलं. मग खिशातून सिगारेटचं पाकीट काढलं, रॅम्पवर आहोत हे आठवून परत ठेवलं, आणि एका पेटीवर बसून राहिला. दुसरा ट्रक येईपर्यंत आम्ही सगळे तसेच. मग पुढचा होल्ड आधी भरला, चांदी दबली, आणि मागचं काम पुन्हा सुरू झालं.

त्या वाट बघण्यात ट्रेनीने मला एक गोष्ट समजावली, आणि ती मला माझ्या धंद्यातली असल्यामुळे पटकन कळली. बँडचं सामान एरवी युरोपात ट्रकने, समुद्रापार जहाजाने किंवा रोजच्या विमानांच्या कार्गोत जातं. जहाजाला आठवडे लागतात. आणि कार्गोचं काय होतं ते मला विचारा: प्रवाशांच्या बॅगा जास्त झाल्या, इंधन जास्त घ्यावं लागलं, की पहिला ऑफलोड होतो, म्हणजे उतरवला जातो, तो कार्गो. गाणारा मुंबईत आणि गिटार दुबईत, हे सहज होऊ शकतं. म्हणून मोठे बँड जिथे शो एकमेकांना चिकटून मिळतात तिथेच फिरतात, आणि मुंबई, पर्थ, बोगोटा, कोस्टा रिका वगैरे यादीतून गळतात. यांनी माणसं आणि सामान एकाच विमानात घातलं. त्या पहिल्या फेरीत त्यांनी साधारण दीड महिन्यात तेवीस शो केले, मुंबईपासून ऑस्ट्रेलिया, जपान, अमेरिका, मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना करत टोरोंटोपर्यंत. पन्नाशीच्या माणसांनी. आमच्याकडे पन्नाशीला लोक नाइट शिफ्ट नको म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतात.

लोडशीट, म्हणजे कुठे किती वजन याचा कागद, तयार झालं; ट्रिम, म्हणजे पुढच्या-मागच्या वजनाचा तोल, हिशेबात बसलं. कागद कॉकपिटमध्ये दुसरा सहकारी घेऊन गेला, त्यामुळे "सही गाणाऱ्याने केली का" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की कधीकधी हो म्हणून टाकावंसं वाटतं. ट्रेनीने रिफ्लेक्टिव जॅकेटच्या आत त्यांचा काळा टी-शर्ट घातला होता, हे मला पुशबॅकनंतर, म्हणजे विमान मागे ढकलून निघाल्यावर, कळलं. रॅम्पवर फोनला बंदी, म्हणून त्याच्याकडे एकही फोटो नाही. त्याने ती बंदी पाळली याचं मला आजही कौतुक आहे.

पुढे मी त्यांच्यावर नजर ठेवली, गाण्यासाठी कमी, विमानासाठी जास्त. अॅस्ट्रेअस २०११ च्या नोव्हेंबरमध्ये बंद पडली. २०१४ च्या अखेरीस डिकिन्सनच्या जिभेला कर्करोग निघाला. त्या वेळी पॅरिसमधल्या स्टुडिओत त्यांनी नवा अल्बम रेकॉर्ड करून ठेवला होता, ब्याण्णव मिनिटांचा, दोन डिस्कचा. उपचार झाले, मे २०१५ मध्ये डॉक्टरांनी बरा झाल्याचं सांगितलं, अल्बम त्याच वर्षी आला. मग हा गडी ७४७ चं ट्रेनिंग घेऊन आला, आणि २०१६ च्या दौऱ्याला त्यांनी जंबो घेतलं. ट्रेनीने, तोवर तो दुसऱ्या एअरलाइनमध्ये लोड कंट्रोलला (वजनाचा हिशेब करणाऱ्या विभागात) लागला होता, मला फोन करून सांगितलं, "सर, आता केबिनमध्ये माल नाही. सगळा पोटात मावतो." मला हायसं वाटलं. उगाचच, पण वाटलं.

आणि मग १२ मार्च २०१६, चिलीतलं सँटियागो. कॉर्डोबाला निघण्याआधी इंधन भरायला ते ७४७ टग, म्हणजे विमान ओढणारी गाडी, लावून ओढत होते. बँडने जाहीर केलं त्यानुसार टग विमानाला जोडणाऱ्या यंत्रणेतली स्टिअरिंगची पिन निघून पडली असावी. वळणावर विमानाला दिशाच राहिली नाही, ते टगवर जाऊन आदळलं. लँडिंग गिअर आणि दोन इंजिनांचं मोठं नुकसान झालं, रॅम्पवरचे दोघे जखमी होऊन हॉस्पिटलात. जगभरच्या पेपरांनी बँडच्या विमानाची बातमी छापली. मी मात्र ते दोघे कसे आहेत हे शोधत होतो. बँड दुसऱ्या मार्गाने कॉर्डोबाला पोचला, शो झाला, आणि साधारण दहा दिवसांत नवी इंजिनं बसवून विमान पुन्हा दौऱ्यात आलं. दहा दिवसांत जंबोची दोन इंजिनं! माल कुठून कसा आणला असेल, याचाच मी दोन दिवस विचार करत होतो.

मॅकब्रेनला २०२३ च्या जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला, तरी तो त्या वर्षी दौऱ्यावर वाजवत राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये साओ पावलोला त्याने दौऱ्यांचा शेवटचा शो केला, वय बहात्तर. ही बातमी मी मामांना फोनवर सांगितली. ते निवृत्त होऊन आता साताऱ्याकडे असतात. "त्या पेट्या होत्या ना, ड्रमच्या," मी म्हणालो. "तो वाजवायचा थांबला." मामा म्हणाले, "बहात्तर म्हणजे बरंच ओढलं की. मी तर अठ्ठावन्नला सुटलो."

हल्ली माझ्याकडे नव्या बॅचचं टोइंगचं, म्हणजे टगने विमान ओढण्याचं, ट्रेनिंग असतं. सँटियागोच्या त्या विमानाचा फोटो मी पहिल्याच तासाला दाखवतो. पोरं लगेच विचारतात, सर, शेपटीवर ते काय चित्र आहे, कुठला बँड? मी म्हणतो ते जेवणाच्या सुट्टीत, आधी टगकडे चला आणि पिन कुठली ते हात लावून दाखवा. बऱ्याच जणांना दाखवता येत नाही.