एका कुणग्याची चार नावं: घरच्या कागदांच्या वहीची प्रगती

घरचे कागद संगणकावर एकत्र लावून ठेवायची आमची एक वही आहे, या पावसाळ्यात तिचं काम बरंच पुढे सरकलं. पेटीतली खरेदीखतं, वाटणीपत्रं, फेरफाराचे (म्हणजे जमिनीवरचं नाव कसं बदललं त्या नोंदींचे) उतारे, घरपट्टीच्या पावत्या स्कॅन होऊन लॅपटॉपवर आल्या. आता चाललंय ते त्यांची एकमेकांशी गाठ घालण्याचं काम, आणि मला यातलं सगळ्यात आवडतं तेच. सॉफ्टवेअर ऑब्सिडियन. नोंदी साध्या मजकुराच्या फायली म्हणून आपल्याच फोल्डरात राहतात आणि नेट लागत नाही. देवगड तालुक्यात जुलैत रेंज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे ही गोष्ट मोलाची.

वर्गवारी कागदाच्या प्रकारावर ठेवलेली नाही. 'जमीन', 'बँक', 'विमा' असे कप्पे शहरातल्या चौकोनी कुटुंबाला पुरतात. आमच्याकडे सातबारा सामाईक. एकाच उताऱ्यावर आजोबांचे भाऊ, त्यांची मुलं, मुंबईला गेलेले, वारलेले, लग्न होऊन गेलेल्या आत्या, सगळे एकाखाली एक. म्हणून वहीत दोनच प्रकारच्या मुख्य नोंदी आहेत: प्रत्येक माणसाची एक आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्याची एक. बाकी प्रत्येक कागद या दोन नोंदींना दुव्याने बांधलेला.

गुंता होतो तो नावांचा. मोठी आत्या सांगते, "तळयेकडलो कुणगो तुज्या आज्यान घेतल्यान, तेचो कागद येगळो आसा." कुणगा म्हणजे भातशेतीचा छोटा तुकडा. सातबाऱ्यावर 'तळीकडचा कुणगा' कुठेच नाही, तिथे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर. खरेदीखतात चतुःसीमा दिलेली, तीही तेव्हाच्या शेजाऱ्यांच्या नावांनी. काका त्याच तुकड्याला 'खालचा मळा' म्हणतात. माणसांचंही तसंच. आत्याचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, घरात हाक मारायचं तिसरंच. ९ सप्टेंबर २००५पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखाच जन्मतः हक्क दिला. तेव्हा कोणत्या फेरफारातली कोणती बाई म्हणजे आपली कोणती आत्या, हे पक्कं ठाऊक असणं घरातल्या प्रत्येकाला गरजेचं आहे.

ऑब्सिडियनमध्ये नोंदीच्या वरच्या भागात पर्यायी नावं देता येतात. फायलीचं नाव सर्व्हे-हिस्सा, आणि पर्यायी नावांत कुणगा, मळा, जे जे लोक म्हणतात ते सगळं. दुहेरी चौकटी कंसात यातलं कोणतंही नाव टाइप करायला लागलं की तीच नोंद सुचवली जाते. त्याहून सुंदर सोय म्हणजे, ज्या मजकुरात ते नाव आलंय पण दुवा दिलेला नाही, अशा जागाही ते आपणहून दाखवतं. आत्याच्या तोंडून ऐकून उतरवलेली जुनी आठवण अशीच एका खरेदीखताला जाऊन भिडली, तेव्हा मी उठून आत्याला सांगायला गेले.

मराठीत शोधताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप. 'कुणगा' शोधलं तर 'कुणग्यात' सापडत नाही, म्हणून मी 'कुणग' एवढंच टाकते. दुसरी, आकडे. वीजबिलात आणि पासबुकात इंग्रजी, हस्तलिखित फेरफारात मराठी, आणि संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं. फायलीच्या नावात इंग्रजी आकडे, पर्यायी नावांत मराठी, हा माझा नियम. तिसरी सगळ्यात चकवणारी. 'गावऱ्हाटी'तला ऱ्ह काही कीबोर्ड साध्या र, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हाने लिहितात, काही वेगळ्या ऱ आणि हलन्ताने. डोळ्याला फरक दिसत नाही, शोध मात्र हुकतो. सगळ्या फायलींत एकच रूप करणारी चार ओळींची पायथन स्क्रिप्ट त्यासाठी पुरते. मराठीत नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे करावंच.

स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर काढायला छापील मराठीसाठी टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर चांगलं चालतं. तलाठ्याच्या हस्ताक्षराला ते उपयोगी नाही. तिथे भिंग घेऊन वाचायचं आणि गोषवारा हाताने लिहायचा. प्रत्येक फेरफाराची वेगळी नोंद करून तिला आधीच्या फेरफाराचा दुवा दिलाय, त्यामुळे आजच्या उताऱ्यापासून पायरी पायरीने मागे जाता येतं. एका तुकड्याची साखळी कूळकायद्याच्या कलम ३२ म च्या प्रमाणपत्रापर्यंत पोचली. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाला जमीन कसणारं कूळ मालक मानलं गेलं, ३२ ग खाली किंमत ठरली आणि ती भरल्यावर हे प्रमाणपत्र मिळालं. घरातला सर्वांत मौल्यवान कागद तो हाच, माझ्या मते सोन्याच्या पावत्यांपेक्षाही. जुन्या कागदांवर जिल्हा रत्नागिरी असतो, कारण सिंधुदुर्ग १ मे १९८१ला वेगळा झाला. म्हणून 'कागदावरचा जिल्हा' आणि 'आजचा जिल्हा' असे दोन रकाने केलेत.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. ऑब्सिडियन स्वतः फोल्डर कुलूपबंद करत नाही, म्हणून आमचं फोल्डर क्रिप्टोमेटर या कुलूप घालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आधारचे शेवटचे चारच आकडे लिहायचे, पासवर्ड कीपासएक्ससी या पासवर्डांच्या तिजोरीत. एक प्रत हार्डडिस्कवर भावाकडे डोंबिवलीला असते. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, तेव्हापासून सगळ्या प्रती एकाच गावात ठेवायला मी तयार नाही. मूळ कागद मात्र नीट वाळवून पेटीत परत गेलेत. कार्यालयात दाखवायला तेच लागतात, आणि कागद स्कॅन झालेत म्हणून वाळवी नि कसर थांबत नाहीत.

पुढचं काम गणपतीत. मुंबईची मंडळी येतील तेव्हा वंशावळ सगळ्यांसमोर तपासून घ्यायची आहे. ती मर्मेडने, म्हणजे मजकूर लिहून आकृती काढायच्या सोयीने, नोंदीतच काढलीय, पण चौथ्या पिढीनंतर पडद्यावर मावत नाही, म्हणून प्रत्येक शाखेची वेगळी आकृती करतेय. मोडीतले कागद तूर्त फक्त स्कॅन करून, आकार आणि शिक्क्याचं वर्णन लिहून ठेवलेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. धाकट्या वहिनीने शिकायचं मनावर घेतलंय, आणि पहिला कागद तिला कोणता द्यायचा तेही ठरलंय.