आंब्याच्या पेटीआधी फुलं: माझ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडचा तिसरा हिवाळा

९ मार्च २०२५. दांड्यावरचं सहावं फूल आज सकाळी उघडलं. टोकाकडे अजून चार कळ्या आहेत, त्यातली शेवटची मुगाएवढी. गेल्या वर्षी याच झाडाच्या सगळ्या कळ्या चार दिवसांत पिवळ्या पडून गळल्या होत्या, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहिते आहे.

झाड पांढऱ्या फॅलेनॉप्सिसचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फुलांसकट घरी आलं. पुण्यात तिसरा मजला, पूर्वेची खिडकी. ती फुलं मेपर्यंत टिकली आणि पुढचा अख्खा हिवाळा नुसती पानं. मी खतं बदलत राहिले. तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, केळ्याच्या सालीचं पाणी घातलं, पातळ केलेलं जीवामृतही घालून पाहिलं. कुंडीवर चिलटं घोंगावायला लागली आणि कुंडीतलं मॉस (शेवाळ) कुजायला लागलं, बाकी काही झालं नाही.

जून २०२३ मध्ये आंबोलीला गेलो होतो. पहिला पाऊस पडून गेलेला, आणि एका जुन्या झाडाच्या आडव्या फांदीवर सीतेची वेणी, आपल्याकडचं रानटी ऑर्किड, लोंबत होती. मी फुलांपेक्षा मुळंच जास्त वेळ पाहिली. जाड, राखाडी, सालीला घट्ट धरलेली, अर्धी तर नुसती हवेत. तिथे माती नाही की शेणखत नाही. पावसाचं पाणी, कुजलेली पानं, पाखरांची विष्ठा, एवढ्यावर ती जगते. फॅलेनॉप्सिस इंडोनेशिया-फिलिपिन्सकडचं, पण राहणी हीच. (सीतेची वेणी जंगलातून उपटून आणणारे लोक भेटतात. कृपा करून आणू नका. ती तिथेच असू द्या.)

घरी आल्यावर कुंडी बदलली. आइस्क्रीमचा पारदर्शक डबा घेतला, तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने तळाला आणि बाजूंना भोकं पाडली. आत नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि लाकडी कोळसा. सोडण तीन दिवस पाणी बदलत भिजवलं, कारण त्यात क्षार असतात. कुजलेली मुळं निर्जंतुक कात्रीने कापली. पारदर्शक डब्यामुळे पाणी कधी द्यायचं हे मुळंच सांगतात: हिरवी असतील तर थांबायचं, चंदेरी झाली की द्यायचं. मी सकाळी अख्खा डबा पंधरा मिनिटं बादलीत बुडवते आणि पूर्ण निथळू देते. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, थंडीत आठ-नऊ दिवसांनी. पानांच्या मधल्या खळग्यात पाणी राहिलं तर कापसाने टिपून घ्यायचं, तिथे साचलं की शेंडा कुजतो. पावसाळ्यात साठवलेलं पाणी संपलं की नळाचं. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र कधीच नाही, गाळलेले सगळे क्षार त्यातच असतात.

मुळं सुधारली, दोन नवी पानं आली, तरी दांडा काही येईना. तो आला तो घराला रंग दिला म्हणून.

डिसेंबर २०२३ मध्ये रंगकाम निघालं आणि सगळ्या कुंड्या तीन आठवडे गॅलरीत गेल्या. जानेवारीअखेर पानाच्या बेचक्यातून एक हिरवं टोक डोकावलं. आधी मूळ वाटलं. पण मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, हे चपटं होतं, तान्ह्या बाळाच्या हातमोज्यासारखं अंगठा वेगळा निघालेलं. तोच दांडा! तेव्हा लक्षात आलं की आमच्या हॉलमध्ये थंडीतही रात्री पारा २४-२५च्या खाली जात नव्हता. या झाडाला दांडा काढायला काही आठवडे गारवा लागतो. सतत २८च्या वरच्या उबेत ते पानंच वाढवत बसतं. माझी दीड वर्षाची खतं एकीकडे आणि तीन आठवड्यांचा गारवा एकीकडे.

पण दांडा उशिरा आला, म्हणून कळ्या भरल्या एप्रिलमध्ये. त्याच आठवड्यात देवगडहून दोन पेट्या आल्या. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे हॉलच्या कोपऱ्यात पेंढ्यात आढी घातली, ऑर्किडपासून हातभर अंतरावर. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि ऑर्किडच्या कळ्यांना तो अजिबात सोसत नाही. अकरा कळ्या होत्या. एकही उघडली नाही. सासूबाईंना माझ्याहून जास्त वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर इथिलीनचं तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

म्हणून या वेळी हिशेब उलटा मांडला. दांडा दिसल्यापासून फूल उघडायला साधारण अडीच-तीन महिने लागतात. आंबे येण्याआधी फुलं हवीत तर दांडा डिसेंबरच्या सुरुवातीला दिसायला हवा, म्हणजे गारवा नोव्हेंबरपासूनच. १ नोव्हेंबरला कुंडी गॅलरीत ठेवली, हिरव्या जाळीमागे, जिथे साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन येतं. शेजारी कमाल-किमान थर्मामीटर. रात्री १७ ते १९, दिवसा २७च्या आसपास. ज्या रात्री १४च्या खाली जाईल असं वाटलं त्या रात्री आत आणली. अशा नऊ रात्री झाल्या. खत पंधरा दिवसांतून एकदा, एक भाग गांडूळपाण्यात दहा भाग पाणी, बस.

६ डिसेंबरला दांडा दिसला. त्या दिवसापासून कुंडी फिरवली नाही. दांडा उजेडाकडे वळतो, आपण कुंडी फिरवत राहिलो की तो नागमोडी होतो आणि फुलं सगळीकडे तोंडं करतात. वीतभर झाल्यावर बांबूची काडी लावून केसांच्या चिमट्याने सैल धरला. दुपारी बांधावा, सकाळी तो ताठ असतो आणि पटकन मोडतो. जानेवारीत दोन पानांच्या मधे पिठ्या ढेकूण दिसला. कडुनिंबाच्या तेलाचे काही थेंब आणि चिमूटभर साबण पाण्यात फेटून कापसाच्या काडीने पुसून काढला, कळ्यांना न लावता. पहिलं फूल २४ फेब्रुवारीला उघडलं. ते पूर्ण पसरायला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत मी कामं सोडून दहादा तरी जाऊन पाहिलं असेल.

दुसरं झाड, जांभळं, अजून गप्प आहे. त्याला नोव्हेंबरमध्ये बाहेर ठेवलं, पण त्याची तीनच पानं आहेत आणि तीही गडद हिरवी, म्हणजे उजेड कमी पडला. पान पोपटी हिरवं असेल तर उजेड पुरेसा, हे आता पक्कं धरलं आहे. ते या आठवड्यात खिडकीच्या आणखी जवळ सरकवते आहे, फुलांची अपेक्षा पुढच्या वर्षी.

पाडव्याच्या सुमारास पहिली पेटी येईल. उघडलेली फुलंही इथिलीनने कोमेजतात, त्यामुळे धोका टळलेला नाही. काल सासूबाईंनी स्वतःच मागच्या खोलीतला पलंग सरकवून जागा केली. म्हणाल्या, "यंदा आढी इथे, आणि दार लावून घेत जा गं."