तयार प्लॅन आणि पुण्याचा मे महिना

घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी बसवून पेडल मारायचं यंत्र) सायकल चालवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "ॲपमधला बारा आठवड्यांचा प्लॅन जसाच्या तसा करता का हो? आमचा तिसऱ्याच आठवड्यात फिसकटतो." तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाही करत. माझ्या मते कोथरूडमध्ये राहून नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या कुणीच तो तसा करायच्या फंदात पडू नये.

यातले बरेचसे प्लॅन थंड देशांच्या हिशेबाने बेतलेले असतात. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ, म्हणून घरात घाम गाळायचा आणि उन्हाळ्यात बाहेर पडायचं. आपलं नेमकं उलटं. डिसेंबरात पहाटे बोपदेव घाट चढायचा सोडून भिंतीकडे तोंड करून पेडल मारायला कोण बसेल? आपण घरात अडकतो ते एप्रिल-मेच्या उन्हात आणि मग पावसात. त्यामुळे मी वर्षच फिरवून घेतलं. इंटरव्हलची (ठरावीक मिनिटं जोर, मग थोडी विश्रांती, असं आलटून पालटून) जड कामं जून ते सप्टेंबर, दिवाळीनंतर लांबच्या राइड बाहेर. हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची असेल (वेळ साडेतेरा तास, घाईचं काही नाही) तर ही मांडणी अगदी चपखल बसते.

आता एफटीपी. साधारण तासभर टिकवता येईल इतकी ताकद, वॅटमध्ये. अख्खा प्लॅन या एका आकड्यावर उभा असतो. समजा तुमचा १८० आला, तर ८८ ते ९४ टक्क्यांच्या 'स्वीट स्पॉट'मध्ये तुम्हाला साधारण १५८ ते १६९ वॅट धरायचे. पण थंडीत, मोकळ्या रस्त्यावर काढलेला आकडा मे महिन्यात बंद खोलीत लावलात तर मेलात. बाहेर वारा घाम वाळवतो, म्हणून अंग थंड राहतं. घरात तो नुसता टपकत राहतो. वॅट तेच, पण हृदयाचे ठोके दर पाच मिनिटांनी वर सरकत जातात. तेव्हा टेस्ट तिथेच द्या जिथे सराव करणार, त्याच पंख्यासमोर. छतावरचा पंखा कामाचा नाही, मोठा पेडस्टल छातीसमोर हवा. महागड्या सेन्सरआधी तो घ्या, असं मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही.

बहुतेकांचा प्लॅन मोडतो तो अर्ग मोडमध्ये. यात वॅट मशीन ठरवतं. पाय मंदावले की तेवढेच वॅट राखायला ते भार वाढवतं, भार वाढला की पाय आणखी मंदावतात, आणि नव्वदचा केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) बघता बघता पन्नासवर येऊन चाक चिखलात रुतल्यासारखं थांबतं. समोर पडद्यावर इंटरव्हलची अजून चार मिनिटं बाकी! अशा वेळी लोक उतरतात आणि "आज झालं नाही" म्हणून अख्खा दिवस सोडून देतात. त्यापेक्षा अर्ग बंद करा, हलक्या गिअरवर मिनिटभर पाय मोकळे करा, तीव्रता तीन-चार टक्क्यांनी उतरवा आणि राहिलेले इंटरव्हल पुरे करा. थोडे कमी वॅट चालतील, पण इंटरव्हलची लांबी शक्यतो कापू नका.

आठवड्यात मी जपते त्या सायकलच्या सरावाच्या फक्त दोन जड बैठका आणि त्यांच्यामधलं निदान अठ्ठेचाळीस तासांचं अंतर. बाकी सगळं लवचिक. पाहुणे आले, मुलाची परीक्षा आली, ऑफिसातून निघायला आठ वाजले, तर हलकी राइड खुशाल उडवा. ती रविवारी जोडून भरपाई मात्र नको. दोन चुकलेल्या बैठका एकाच दिवशी कोंबल्या की पुढचा आठवडा गेलाच म्हणून समजा.

प्लॅनमध्ये सहसा तीन आठवडे चढत्या मेहनतीचे आणि चौथा विश्रांतीचा असतो. पंचेचाळिशीनंतर मी दोन चढते, एक उतरता असं केलं. पंचविशीतल्या पोरांना ते आळशीपणाचं वाटतं, वाटू दे. विश्रांतीचा आठवडा कधी घ्यायचा हेही कॅलेंडर बघून ठरवते. गणपतीत तो हमखास येतो. रात्री उशिरापर्यंत ढोल ऐकून आणि उकडीच्या मोदकांवर ताव मारून पहाटे व्हीओटू मॅक्सचे, म्हणजे अगदी दम काढणारे, इंटरव्हल कोण करणार?

एक गोष्ट मात्र प्लॅनमध्ये फेरफार करून सुटत नाही, ती म्हणजे गुडघा. पुढून दुखत असेल तर बहुतेकदा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. वॅट कमी करत बसू नका. आधी पान्हा घेऊन सीट पाच-पाच मिलिमीटरने हलवून बघा, आणि तरी दुखणं राहिलं तर डॉक्टर गाठा.