काळी चारवरून पांढरी चारवर

पन्नाशी ओलांडली आणि गाताना तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) लागेना. म्हणजे लागायचा, पण कण्हत, आणि मागे हवेचा फुसकारा ऐकू यायचा. त्याहून त्रास दमसासाचा, एका श्वासात गाणं पेलण्याचा. विलंबित एकतालात (बारा मात्रांचा संथ ताल) शेवटच्या दोन मात्रांत मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलून समेवर, पहिल्या मात्रेवर, यायचं, तर तेवढ्यातही मध्येच श्वास तुटायचा. ज्याला विचारावं तो सांगायचा, पोटातून गा, प्राणायाम वाढव. प्राणायाम माझा चालूच होता, आणि छातीत हवा भरपूर होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि "ई म्हणा" म्हणाले. पडद्यावर माझेच स्वरतंतू, दोन पांढुरक्या पट्ट्या. गाठ नव्हती, जीव भांड्यात पडला. पण ई म्हणताना त्या पट्ट्या पुरत्या मिटत नव्हत्या, मध्ये फट राहत होती. पाळी गेल्यावर हार्मोन्स बदलतात, स्वरतंतू थोडे सुजट आणि जाड होतात, आवाज उतरतो, शिवाय वयाने स्नायू सैलावतात, असं त्यांनी समजावलं. रात्रीचं जेवण लवकर घ्या, पित्त घशाशी येऊ देऊ नका, हेही सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र ती फटच बसली. हवा कमी पडत नव्हती, गळत होती. अशा वेळी पोट आत ढकलून आणखी जोर लावायचा, तर गळती वाढणारच.

त्यांनी व्हॉइस थेरपिस्टकडे पाठवलं. मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने आधी एका श्वासात नुसतं "स्स्स" धरायला लावलं, मग "झ्झ्झ". दोन्ही साधारण सारखीच टिकायला हवीत. माझं "स्स्स" लांबलचक आणि "झ्झ्झ" मध्येच संपलेलं. आवाज काढायचा म्हटलं की श्वास उडून जातो, हे कागदावर आलं.

मग ग्लासात दोन बोटं पाणी आणि स्ट्रॉ. स्ट्रॉमधून हुंकार द्यायचा, बुडबुडे एका लयीत यायला हवेत. मी सुरुवातीला पाणी टेबलावर सांडलं. "काकू, फुंकायचं नाही. बुडबुडा येईल तेवढाच श्वास." स्ट्रॉमुळे तोंडात हवेचा थोडा दाब उलटा राहतो आणि त्याच्या आधाराने स्वरतंतू जोर न लावता सहज कंप पावतात. सा पासून पंचमापर्यंत घसरत जायचं आणि परत यायचं, बुडबुडे न तुटू देता. घरात सगळ्यांची करमणूक झाली. पण स्ट्रॉ बाजूला ठेवून लगेच आकार (नुसता "आ") लावला की तो पहिला सा असा काही स्वच्छ लागायचा, की तंबोऱ्याकडे बघून हसू यायचं.

श्वासाचं कामही तिथेच झालं. श्वासपटल हा श्वास आत घेण्याचा स्नायू, तो खाली गेला की पोट आपोआप पुढे येतं. गाताना पोट मुद्दाम पुढेमागे करायचं नसतं. खालच्या बरगड्या श्वास घेताना जशा फाकल्या, तशाच शक्य तितका वेळ फाकलेल्या ठेवायच्या, म्हणजे श्वास बेतानं सुटतो. उताणं झोपून, गुडघे वर करून हे पटकन कळतं. मांडी घालून बसल्यावर मात्र माझं सगळं विरघळायचं, कारण कंबर मागे कलते आणि पोट दुमडतं. उपाय अगदीच साधा निघाला: बैठकीखाली सोलापुरी चादरीची जाड घडी. गुडघे बसण्याच्या पातळीपेक्षा खाली आले की पाठ स्वतःहून उभी राहते.

मला गाणं शिकवणाऱ्या आमच्या बाई कायम म्हणायच्या, आवाज पुढे लाव. तो पुढे म्हणजे कुठे, हे आता उमगलं. ओठ मिटून "म्" धरला की वरच्या दातांमागे आणि नाकाच्या हाडाशी झिणझिण्या येतात. त्या न सोडता हळूच आ उघडायचा. आवाज काही कपाळात जात नाही, घुमतो घशात आणि तोंडातच. पण त्या जागी कंप जाणवला की गळा आवळलेला नाही याची खूण पटते. नाकात गातोय का, हे तपासायचं तर आ लावून नाक चिमटीत धरायचं. आवाज बदलला तर हवा नाकातून चाललीय. माझा मध्य सप्तकातला निषाद हमखास पकडला जायचा.

पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरून गायचं तो सूर, उतरवायचा निर्णय सर्वात जड गेला. बाईमाणसाने काळी चारच्या (हार्मोनियमच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी) खाली गायचं म्हणजे आवाज गेला, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. गंगूबाई हनगलांचा भरदार आवाज ऐकूनही लोक हे बोलतात, याचं मला नवल वाटतं. दमसासाचंही तसंच. कुमार गंधर्व क्षयानंतर एका फुप्फुसावर गायले, लहान लहान स्वरवाक्यांत गायले, आणि ते कोणाला अपुरं वाटलं?

काळी चारवरून पांढरी चारवर, म्हणजे दीड स्वर खाली. षड्जाला (सा) सेकंदाला २०८ ऐवजी साधारण १७५ कंपनं. तार सप्तक हलकं झालं, पण मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) इतका खाली गेला की तिथे आवाज नुसती हवा व्हायचा. पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, परंपरेने मंद्रावर ठाण मांडून करायचा, मी तो मध्य सा पासून हुंकारत उतरत करते. जिथे हवा मिसळू लागेल तिथे थांबायचं आणि परत वर. आता मंद्र धैवतापर्यंत ठाम जाते, पंचम अजून मर्जीचा आहे.

तंबोऱ्याची गंमत वेगळीच. तारा दीड स्वर उतरवल्या तशा सैल पडल्या, जवारी (घोडीमुळे तारेला येणारा झंकार) बोलेना. मिरजेत नेऊन जाड तारा चढवल्या आणि जवारी नव्याने काढून घेतली.

शिकवताना अडचण होतेच. माझ्याकडे येणाऱ्या मुली काळी पाचवर, माझ्याहून वरच्या पट्टीत, गातात. त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावते, जागा (सुरावटीची बारीक वळणं) हार्मोनियमवर वाजवून दाखवते, आणि गळ्याने दाखवायचीच असेल तर मध्य सप्तकातली तेवढी गाते. तानांसाठी त्यांना रेकॉर्डिंग ऐकायला देते. माझा स्वतःचा रियाज त्या गेल्यावर, मोठ्या तंबोऱ्यावर, पांढरी चारला.